चामड्याला तेल किती पाजायचं?

पावसाळा सरला की घरोघरी एक काम निघतं. चार महिने पिशवीत बांधून ठेवलेल्या कोल्हापुरी चपला, कमरेचे पट्टे, एखादी जुनी चामडी बॅग बाहेर येते. तिच्यावर बुरशीचे ठिपके असतात, चामडं कडक झालेलं असतं, आणि कुणीतरी म्हणतं, "तेल पाज, मऊ पडेल." मग हाताशी असेल ते खोबरेल, शेंगदाणा तेल नाहीतर एरंडेल सढळ हाताने चोपडलं जातं. चामडं ते शोषून घेतं, म्हणून दुसऱ्या दिवशी आणखी एक हात दिला जातो. आठवड्याभरात चप्पल काळवंडते, पायाला चिकटते, वाटेतली सगळी धूळ गोळा करते आणि फरशीवर पावलागणिक डाग सोडते. नवा जोड पायाला चावतो म्हणून तो रात्रभर तेलात बुडवून ठेवणारेही पुष्कळ आहेत. हे सगळं चामड्याच्या काळजीपोटीच होतं, म्हणून त्यातलं चुकतं काय आणि चुकलेलं सुधारतं किती, हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

कच्चं कातडं म्हणजे मुख्यतः कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे तंतू. सुंभाच्या दोरीत जसा पेडात पेड असतो तसे हे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात. कातडं कमावताना या तंतूंना टॅनिन किंवा क्रोमियमचे क्षार बांधले जातात आणि त्यामुळे ते कुजायचं थांबतं. कोल्हापुरी चपलेचं चामडं पारंपरिक पद्धतीत चुन्यात भिजवून, केस काढून, मग बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावतात. कातडं शिवून त्याची पिशवीच करायची, तिच्यात साल-हिरड्याचं पाणी भरून ती टांगायची आणि ते पाणी कातड्यातून झिरपत बाहेर येऊ द्यायचं, ही इथली जुनी रीत. याउलट बाजारातल्या बहुतेक पर्सा, बूट आणि सोफे क्रोम पद्धतीने कमावलेल्या चामड्याचे असतात. ही पद्धत १८८४ साली न्यूयॉर्कच्या ऑगस्टस शुल्झने पेटंट घेतल्यानंतर रुळली आणि पुढे जगभर पसरली.

तेलाचा संबंध येतो तो कमावणं संपल्यावर. ओलं चामडं तसंच वाळू दिलं तर तंतू एकमेकांना चिकटतात आणि फळीसारखा कडक तुकडा हाती येतो. म्हणून चामडं ओलसर असतानाच त्यात तेल किंवा चरबी मुरवतात. पाणी हळूहळू बाहेर पडतं, तेल तंतूंवर पातळ थर धरून आत राहतं, आणि वाकवताना तंतू एकमेकांवरून घसरू शकतात. तेलाचं काम एवढंच. म्हणजे दुकानातून घरी आलेल्या चपलेत तिच्या गरजेपुरतं तेल कारागिराने आधीच घातलेलं असतं. आपण वरून ओततो ते कोरड्या चामड्यावर, आणि तिथे ते सारखं पसरत नाही. सैल तंतूंच्या भागात भरपूर शिरतं, घट्ट भागात वरच थांबतं, आणि चप्पल पट्ट्यापट्ट्यांनी काळी पडते.

तेल हा चामड्याचा खुराक आहे ही समजूत मला सगळ्यात घातक वाटते. कमावलेल्या चामड्यात जिवंत काही उरलेलं नसतं, त्यामुळे त्याला भूक लागत नाही. ते कडक पडतं त्याचं कारण बहुधा पाणी असतं. चामड्यात हवेतला दमटपणा नेहमीच थोडा मुरलेला असतो आणि तोही लवचीकपणा देतो. भिजलेली चप्पल उन्हात किंवा चुलीजवळ झटपट वाळवली की तंतू आखडतात. तिथे तेल ओतून पाण्याची उणीव भरून निघत नाही. अशा चपलेला दोन-तीन दिवस सावलीत पडू द्या आणि मग हाताने हळूहळू वाकवा. निम्मा कडकपणा तिथेच जातो.

जादा तेल काय काय करतं, ते पाहू. एक तर चामडं ढिलं पडतं. तेलाने तुडुंब भरलेले तंतू ताण धरत नाहीत. कोल्हापुरी चपलेला पारंपरिक घडणीत खिळा नसतो, चामड्याच्याच वादीने तिची शिलाई होते. ही वादी तेलाने ताणली की शिलाईची भोकं मोठी होतात, अंगठा सैल होतो आणि पट्टा पायावर बसेनासा होतो. कारागिराने मापात घातलेला घट्टपणा तेलात वाहून जातो. शिवाय तेलकट पृष्ठभागावर धूळ बसते, ती आत रगडली जाते आणि सँडपेपरसारखी चामडं खाते. त्यातच पावसाळी हवेत बुरशीला आयतं खाद्य मिळतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर राहिली की चामड्यावर बुरशी धरू लागते, आणि कोकणात, कोल्हापुरात, मुंबईत पावसाळ्यात ती आठवडेच्या आठवडे याहून वर असते.

तेल कोणतं, यावरही पुष्कळ अवलंबून असतं. काही तेलं हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होत जातात आणि शेवटी चिवट, राळेसारखी बनतात. तेल असं किती सुकतं याचा अंदाज आयोडीन मूल्यावरून येतो. १०० ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन धरतं, तो हा आकडा. खोबरेलाचा तो १० च्या आसपास, एरंडेलाचा ८५ च्या आणि शेंगदाणा तेलाचा ९० च्या आसपास असतो. करडईचा १४० च्या घरात जातो आणि जवसाचा १७० ते २०० पर्यंत. म्हणून जवसाचं तेल रंगकामाला उत्तम आणि चामड्याला वाईट. करडई-जवस पाजलेला पट्टा काही महिने मऊ लागतो, मग तेच तेल तंतूंच्या मध्ये घट्ट होतं आणि पट्टा पहिल्यापेक्षा कडक होऊन वाकवला की तडकतो. त्यावर लोक पुन्हा तेल लावतात. खोबरेल असं सुकत नाही, पण ते साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली गोठतं, त्यामुळे थंडीत चामड्यावर पांढरट थर दिसू लागतो. एरंडेल फार दाट असतं. ते आत सावकाश जातं आणि वर चिकट राहतं.

या पांढऱ्या थराशी थोडं थांबायला हवं, कारण इथे फार गल्लत होते. चामड्यावर पांढरं दिसलं की ते बुरशी समजून फिनाइलने किंवा साबणाने घासायला घेतात. पण बऱ्याचदा तो चामड्यातल्या स्निग्धाम्लांचा थर असतो. पामिटिक, स्टिअरिक अशी आम्लं आतून पृष्ठभागावर येतात आणि तिथे त्यांचे बारीक स्फटिक जमतात. दोन्हींतला फरक ओळखणं सोपं आहे. केस वाळवायचा ड्रायर मंद उष्णतेवर ठेवून वीतभर अंतरावरून त्या डागावर काही सेकंद धरा. डाग वितळून दिसेनासा झाला तर ती चरबी आहे, आणि ती ऊबदार असतानाच मऊ कापडाने टिपून घेता येते. डाग जसाच्या तसा राहिला, त्याला कुबट वास असला आणि भिंगातून कापसासारखे धागे दिसले, तर ती बुरशी. बुरशी घराबाहेर, वाऱ्याच्या उलट दिशेला उभं राहून, नाकाला रुमाल बांधून कोरड्या ब्रशने झाडायची. चरबीचा थर महिन्याभराने परत दिसला तर आत तेल अजून जास्त आहे, हे त्याचंच लक्षण.

पट्ट्याच्या किंवा बॅगेच्या पितळी रिव्हेटभोवती हिरवा मेणचट लेप दिसतो, तोही याच कुटुंबातला. तेलातली आम्लं पितळेतल्या तांब्याशी मिळून ताम्रसाबण तयार करतात. तो काडीने किंवा टूथपिकने खरवडून काढावा. लोखंडी तार किंवा स्टील वूल तिथे अजिबात चालवू नये. सालीने कमावलेल्या चामड्यातलं टॅनिन ओलाव्यात लोखंडाला भेटलं की काळं होतं. हिरडा आणि हिराकस यांची जुनी शाई याच क्रियेतून होत असे. चामड्यावर असा काळा डाग एकदा पडला की घासून जात नाही.

आता तेल बाहेर कसं काढायचं? एक गोष्ट आधीच सांगतो. घाई केली तर चामडं जातं. जे तेल शिरायला आठवडा लागला ते एका दुपारी निघत नाही.

सुरुवात कोरडी करा. मऊ ब्रशने धूळ झाडा, विशेषतः शिलाईतली आणि पट्ट्याच्या मुळातली. मग जुन्या धोतराच्या किंवा सुती कापडाच्या तुकड्याने दाबून दाबून वरचं तेल टिपा. रगडू नका, रगडल्याने मळ आत जातो. तुकडा तेलकट झाला की बदला. त्यानंतर टिपकागद किंवा छपाई नसलेला कोरा शोषक कागद दोन्ही बाजूंनी लावून वर वजन ठेवा आणि रात्रभर राहू द्या. वर्तमानपत्र वापरू नका, त्याची शाई तेलात सुटून चामड्यावर उतरते. सकाळी कागदावर पावलाचा आख्खा नकाशा उमटलेला दिसतो. कुठे तेल जास्त आहे हे त्यावरून कळतं आणि पुढचं काम त्याच जागी करायचं असतं.

पुढचं काम म्हणजे मुलतानी मातीचं. या मातीचे कण अतिशय बारीक असल्याने त्यांचा एकूण पृष्ठभाग प्रचंड असतो आणि तेल त्याला धरून राहतं. काही मिसळलेलं नसलेली, पूर्ण कोरडी, चाळलेली माती घ्या. फेसपॅकसाठी हळद-चंदन घातलेली नको, हळदीचा रंग चामड्यात राहतो. एका पसरट डब्यात बोटभर जाडीचा थर द्या, त्यावर चप्पल ठेवा आणि वरून तेवढाच थर पसरा. चामड्याची खरखरीत बाजू, म्हणजे जनावराच्या आतल्या अंगाची, जास्त सैल असते आणि तेल तिच्यातून सहज निघतं. बॅग असेल तर अस्तर मोकळं करता येतंय का ते आधी पाहा. चोवीस तासांनी माती उचलली की चामड्याला चिकटलेला थर गर्द आणि ढेकळासारखा झालेला दिसेल. तो जुन्या टूथब्रशने झाडा, फेकून द्या आणि ताजी माती घाला. पहिल्या दोन फेऱ्यांत भरपूर तेल निघतं, नंतर कमी कमी होत जातं. माती जशी घातली तशीच कोरडी निघू लागली की थांबायचं.

फिक्या रंगाच्या चामड्यावर मातीची पिवळसर छटा राहू शकते. तिथे मक्याचं पीठ वापरता येतं, पण ते शिलाईत किंचितही उरू देऊ नका. पिठावर झुरळं येतात आणि दमट दिवसांत बुरशीही. मला स्वतःला चपलांसाठी मातीच बरी वाटते.

ऊब दिली की तेल पातळ होतं आणि लवकर निघतं, हे खरं आहे. पण किती ऊब, याला मर्यादा आहे. हाताच्या पाठीला सुखद वाटेल त्याच्या पुढे जाऊ नका. ओलं चामडं एका ठरावीक तापमानाला कायमचं आकसतं. सालीने कमावलेलं चामडं साधारण ७० ते ८५ अंशांच्या दरम्यान, आणि जुनं-खराब झालेलं त्याच्याही बरंच आधी. भर दुपारच्या उन्हात, गाडीच्या टपावर, गिझरवर, इस्त्रीखाली चामडं ठेवायचं नाही. सावलीतली उबदार खोली पुरेशी आहे.

पाणी आणि साबण हा शेवटचा उपाय, आणि तोही प्रत्येक वस्तूला नाही. सालीने कमावलेलं चामडं किंचित आम्लधर्मी असतं. कपड्याचा साबण, भांड्याचा सोडा, खाण्याचा सोडा हे सगळे अल्कधर्मी. त्यांनी टॅनिन काळवंडतं आणि तंतू फुगतात. तेल काढायला सोडा लावा हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो वाईट आहे. घोड्याचं खोगीर, जाड पट्टा, लष्करी बॅग अशा दणकट वस्तूंसाठी खोगिराचा खास साबण मिळतो. त्याचा फक्त फेस करायचा, फेस स्पंजाने फिरवायचा, पिळलेल्या ओल्या कापडाने पुसायचा आणि वस्तू दोन दिवस सावलीत, आकार धरून वाळवायची. कोल्हापुरी चपलेला हा प्रयोग मी सुचवणार नाही. पाण्याने तळ फुगतो, थर सुटतात आणि पट्ट्याचा रंग पायावर येतो. पेट्रोल, थिनर, रॉकेल यांच्या वाटेलाही जाऊ नका. ते जादा तेलाबरोबर चामड्यातलं गरजेचं तेल आणि रंगही ओढून काढतात, आणि त्यांची वाफ घरात पेट घेऊ शकते.

आगीचा आणखी एक धोका फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. जवसासारखं सुकणारं तेल हवेशी क्रिया करताना उष्णता सोडतं. असं तेल टिपलेली कापडं चुरगळून ढिगात टाकली तर ती उष्णता आत कोंडते आणि चिंध्या आपोआप पेटू शकतात. म्हणून ती कापडं अंगणात मोकळी पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून मगच टाका.

प्रत्येक वस्तू सारखी सुधारत नाही. चकचकीत पर्स, ऑफिसचे बूट, सोफा यांच्या चामड्यावर रंगाचा आणि प्लास्टिकसारख्या पदार्थाचा थर दिलेला असतो. तेल त्यातून आत जातच नाही, वर राहतं किंवा शिलाई आणि कडांमधून शिरून तो थर सुटायला लावतं. अशा वस्तूचं वरचं तेल पुसून घेणं आणि कडांना माती लावणं, एवढंच करता येतं. मखमली अंगाच्या स्वेड चामड्याला फक्त माती आणि ब्रश. आणि जी पर्स पपडी सुटून गळतेय ती बहुधा चामड्याची नसतेच. कापडावर पॉलियुरेथेनचा लेप दिलेला असतो आणि दमट हवेत तो लेप स्वतःच विघटित होतो. कोणतंही तेल त्याला वाचवू शकत नाही.

जुनी चामडी बांधणीची पुस्तकं हा वेगळाच विषय आहे. विसाव्या शतकात मोठमोठी ग्रंथालयं आपल्या बांधण्यांना नियमाने तेल लावत. गुरांच्या नळ्या-खुरांजवळच्या हाडांतून निघणारं नीट्सफूट तेल ६० टक्के आणि लोकरीतून निघणारं लॅनोलिन ४० टक्के, हे मिश्रण त्या काळी प्रसिद्ध होतं. पुढे जतनतज्ज्ञांच्या लक्षात आलं की त्याने बांधण्या काळवंडतात, चिकट होतात, तेल कागदात उतरतं आणि चामडं मात्र टिकत नाही. ती प्रथा आता जवळपास मागे पडली आहे. तुमच्याकडे आजोबांच्या वेळचं एखादं पुस्तक असेल आणि त्याच्या पाठीवरून बोटाला तांबूस भुकटी लागत असेल, तर त्याला तेलही लावू नका आणि पाणीही. ते चामडं आम्लाने आतून खचलेलं असतं, ओलाव्याने काळं आणि ठिसूळ होतं. स्वच्छ कागदात गुंडाळून पेटीत ठेवा आणि जमल्यास जतनतज्ज्ञाला दाखवा.

काही गोष्टी परत येत नाहीत, हेही मान्य करावं लागतं. तेलाने चढलेला गडदपणा बहुतेक वेळा तसाच राहतो. ताणलेली वादी आखडत नाही, ती कारागिराकडून बदलून घ्यावी. सुकून राळेसारखं झालेलं तेल माती ओढू शकत नाही. घरच्या उपायांनी चिकटपणा जातो, वास कमी होतो, फरशीवरचे डाग थांबतात, आणि चप्पल पुन्हा पायात घालण्यासारखी होते. रोजच्या वापराच्या वस्तूसाठी हे पुष्कळ आहे.

मग तेल कधीच लावायचं नाही का? लावायचं, पण जिथे ते खरोखर धुऊन जातं तिथे. शेतात, चिखलात, पाण्यात वापरलेली वहाण दर वर्षी थोडं तेल मागते. कपाटातली बॅग मागत नाही. तेल लावायचं तर आधी धूळ काढा, कापडावर चार थेंब घ्या, ते कापड हाताने चोळून सारखं करा आणि मग चामड्यावरून फिरवा. दोन्ही चपलांना मिळून अर्धा चमचा खूप झाला. त्यानंतर पूर्ण एक दिवस थांबा, कारण तेल आत शिरल्यावरही तंतूंमधून पसरत राहतं आणि आज कोरडी वाटलेली जागा उद्या मऊ झालेली असते. नवा जोड चावत असेल तर जिथे चावतो तिथेच, पट्ट्याच्या आतल्या बाजूला, बोटाने थेंबभर तेल लावा आणि घरात रोज थोडा वेळ घालून फिरा. जोड पायाच्या उबेने आणि चालण्याने बसतो.

कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजयपूर या आठ जिल्ह्यांतल्या कारागिरांचा तो हक्क आहे. या जिल्ह्यांत जोड घेताना दोन प्रश्न जरूर विचारा: चामडं कशाने कमावलंय, आणि त्याला तेल किती घातलंय? ज्याने वादी ओवली तो माणूस समोर बसलेला असतो, आणि तो जे सांगेल ते कुठल्याही बाटलीवरच्या सूचनेपेक्षा त्या जोडाला जास्त लागू असतं. त्याचं ऐका, आणि शंका असेल त्या वर्षी तेल लावूच नका.